ऊनउताराचा वर्ग

आमच्या फुलाबाईला हळद कोरडीच लावली, ते त्र्याहत्तर साल. माढ्याकडच्या आमच्या वाडीत त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. टँकर येईल म्हणून वऱ्हाड थांबलं. टँकर काही आला नाही, मुहूर्त टळायला लागला, तेव्हा माझ्या जावेनं हळद चिमटीत धरून पिठासारखी पोरीच्या गालाला लावली. ती गालावर बसली नाही, सगळी पदरावर सांडली. लेक सासरी गेली आणि मी दुष्काळी कामाच्या टोळीबरोबर सोलापूरच्या बाजूला खडी फोडायला आले. नवरा आधीच वारला होता. घरी थांबून करायचं काही राहिलं नव्हतं.

तिथं मला ऊन लागलं. हातातला हातोडा कधी पडला ते कळलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा कपाळावर एक रुंद, खरबरीत तळवा होता आणि डोक्याशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी चुलीवर ठेवल्यासारखं उकळत होतं. कुंकवाऐवजी विभूतीचे पट्टे लावलेली, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी बाई माझ्याकडं बघत होती.

"नाव काय तुझं?"

"बजाबाई."

"बजव्वा, तळवा दाखव." तिनं माझा हात उलटापालटा केला. "घट्टे हायत. चालंल. साळंत येतीस का? दुपारची सुकडी मिळती."

ती नागम्मा. अक्कलकोटच्या पलीकडची, निम्मी कानडी बोलणारी. मी विद्येसाठी गेले असं लोक नंतर म्हणायला लागले, पण मी गेले ती दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीच्या गोड भुग्यासाठी.

ऊनउतार ही आमच्या जिल्ह्यातली जुनी विद्या. एक तळवा आजाऱ्याच्या कपाळावर, दुसरा पाण्याच्या तांब्यावर. अंगातलं ऊन हातातून पाण्यात उतरतं. पाणी कढतं, माणूस गार होतं. मात्र सगळं ऊन पाण्यात जात नाही. थोडं उतरवणाराच्या अंगात राहतं. त्याला आम्ही गाळ म्हणतो. अंगात विद्या असेपर्यंत ती त्या गाळावर झाकणासारखी बसून असते, म्हणून त्रास होत नाही.

आणि ही विद्या दिली की देणाराकडची जाते. तांब्यातलं पाणी दुसऱ्या तांब्यात ओतल्यासारखं. म्हणून पूर्वीपासून एका गुरूनं एकालाच द्यायची, तीही म्हातारपणी. झाकण गेल्यावर गुरूच्या अंगातला गाळ वर यायला लागतो. मग शिष्यानं गुरूजवळच राहायचं आणि रोज संध्याकाळी गुरूचं ऊन उतरवायचं. त्याला सांजउतार म्हणतात. गुरू असेपर्यंत सांजउतार चुकवायचा नाही, हीच काय ती फी.

सरकारच्या विद्या खात्यानं सोलापुरात शाळा काढली तेव्हा हे कुणी विचारलं नाही. गिरणीच्या चाळीमागं पत्र्याच्या चार खोल्या होत्या. दोराजोडीच्या वर्गाला सगळ्यात गर्दी, कारण तुटलेला धागा नजरेनं जोडणाऱ्या पोरांना गिरणीवाले दारातून उचलून न्यायचे. विंचूउताराचा वर्ग होता. पावसाचाही होता. त्याला तीन मास्तर होते आणि तिघंही दुष्काळभर रजेवर होते. शाळेच्या दारावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विद्या दिल्याने वाढते.' मला तेव्हा वाचता येत नव्हतं. नागम्मालाही नाही.

नागम्मानं खात्याकडं एक शिष्य मागितला होता. साहेब म्हणाले, नऊपेक्षा कमी पटाला वर्ग मंजूर होत नाही. तिची स्वतःची लेक लहानपणीच गेली होती, दुसरं कुणी नव्हतं. आणि खडीच्या कामावर रोज माणसं पडत होती. "मी एकटी किती ठिकाणी पुरणार," असं म्हणून तिनं नऊ जण घेतले.

दुसरा नियम होता अक्षरांचा. लिहिता-वाचता शिकल्याशिवाय विद्येच्या परीक्षेला बसता येत नसे, आणि मास्तरकीही टिकत नसे. म्हणून सकाळी हेडमास्तर चनमल्लप्पा गुरुजी आम्हाला अक्षरं शिकवायचे. आमच्याबरोबर नागम्माही पाटी घेऊन जमिनीवर बसायची. सकाळी ती आमच्या शेजारची विद्यार्थीण, दुपारी आमची मास्तरीण. माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं गेलेलं. 'ळ' काही केल्या जमत नव्हता. माझ्याशेजारी शरणप्पा बसायचा, मागावर काम करून आलेला, तोंडाळ पण मनाचा चांगला.

"अक्का, हा 'ळ' हाय का जिलबी?"

"तू तुझं बघ."

"माझं बघून झालं. भूक लागली, म्हणून तुझी जिलबी बघतूया."

नागम्मा हसायची नाही, पाटीकडंच बघत राहायची. एकदा तिनं गुरुजींना विचारलं, "मास्तर, तुमी आमाला समद्यांना 'क' दिला. आता तुमच्यापाशी 'क' हाय का संपला?"

गुरुजींना वाटलं ती थट्टा करते आहे. ते म्हणाले, "आहे की."

"पैल्यासारखाच?"

"पहिल्यासारखाच."

"बरं हाय हे," नागम्मा म्हणाली आणि पाटी पुसून पुन्हा 'क' काढायला लागली.

दुसऱ्या वर्षी तिनं विद्या द्यायला सुरुवात केली. एकेकाला समोर बसवायची, तळव्याला तळवा लावायची आणि म्हणायची, "दिलं." आपण म्हणायचं, "घेतलं." बस, एवढंच. पण ते झाल्यावर ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची. आधी ती कढत चहाच्या कपाला बोट लावून चहा निववायची. चौघांना दिल्यावर एक दिवस ती चहा फुंकायला लागली.

"अव्वा, फुंकताय?" शरणप्पानं विचारलं.

"मग काय करू. बोट घाटलं तर बोटच भाजतंय."

माझा नंबर शेवटचा होता. मी तिला म्हणाले, "माझा वाटा तुमच्यापाशीच राहू द्या. तेवढं तरी झाकण राहील."

"आन परीक्षेत काय करशील? तुझ्यापायी वर्ग बंद पडला तर आठ जण आठ दिशेला जातील. मग माझा सांजउतार कोण करणार? वाडीला जाऊन तू करणार?" तिनं हात पुढं केला. "आन तळवा हिकडं. दिलं."

मी म्हणाले, "घेतलं."

मिळालं ते नवव्या हिश्श्याचं. एकटीनं मला तापलेलं लहान पोर पुरतं निववता यायचं, मोठं माणूस निम्मंच. सगळ्यांचं तसंच. पण नऊ जण हाताला हात लावून बसलो की पुरी विद्या पुन्हा जुळायची. रोज संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही नागम्माच्या खोलीत गोल बसायचो आणि तिचं ऊन उतरवायचो. शाळेनं दिलेली चाळीतली खोली होती ती. बादलीभर पाणी वाफाळायचं. त्या पाण्यानं आम्ही तिची भांडी घासायचो. मग ती गार झोपायची. असं एक वर्ष चाललं. ते वर्ष चांगलं गेलं.

परीक्षा पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये होती. पुण्याहून परीक्षक येणार आणि अंगणात उन्हात तापवलेला एकेक दगडी पाटा प्रत्येकाला देणार. आपल्या पाट्यावर परीक्षकांना हात टेकवता आला तर पास. एकेकट्यानं करायचं. एकही नापास झाला तर पट नऊच्या खाली, म्हणजे वर्ग बंद आणि मास्तरणीची नेमणूक रद्द. एकेकट्यानं कुणालाच जमणार नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि नागम्मालाही.

तोडगा शरणप्पानं काढला. ऊन जसं हातातून जातं तसं सुती दोऱ्यातूनही जातं. त्यानं मागावरचा पीळदार दोरा आणला. आम्ही एका ओळीत बसलो आणि प्रत्येकानं आपल्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून पुढच्याच्या अंगठ्याला जोडला. वरून सगळ्यांच्या पायांवर एक लांबच लांब चादर पांघरली.

परीक्षक आले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. चादरीकडं बघून म्हणाले, "ह्या उन्हात पायांवर चादर कशाला?"

"साहेब, आमच्याकडं पाव्हणा आला की सोलापुरी चादर अंथरत्यात," शरणप्पा म्हणाला.

"मग माझ्याखाली अंथरायची."

"तुमच्याखाली खुर्ची हाय की."

साहेब हसले आणि पुढं गेले. त्यांनी प्रत्येक पाट्याला हात लावून बघितला. माझ्या पाट्यावर तर क्षणभर दोन्ही हात टेकवून ते गार वाटतं म्हणून थांबले. नागम्मा दाराच्या चौकटीत उभी होती. आमचे सगळ्यांचे अंगठे दोऱ्यानं काचले होते. साहेबांनी कागदावर लिहिलं की नऊही विद्यार्थी प्रत्येकी पूर्ण उतार करतात, आणि कागद गुरुजींकडं दिला. त्या संध्याकाळी नागम्मानं शेंगदाण्याची पोळी केली होती. आम्ही सगळे एकत्रच राहणार म्हणून ती केली होती.

जूनमध्ये नेमणुकांचे हुकूम आले. जिल्ह्यात तालुक्यांना ऊनउतारी हवे होते आणि पुऱ्या विद्येचे नऊ तयार होते, म्हणून खात्यानं जागोजागी एकेक दिला. मला करमाळा. कुंडलिकला माढा. तो आमच्यातला सगळ्यात मुका, खडीच्या कामावरूनच आलेला. बाकीचे कुठं सांगोला, कुठं मंगळवेढा. शरणप्पा तेवढा जवळ राहिला. अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या नव्या शेड उठत होत्या, तिथल्या पत्र्याखाली कामगार चक्कर येऊन पडायचे. त्यासाठी त्याला नेमलं.

मी चनमल्लप्पा गुरुजींकडं गेले आणि दोऱ्याचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बजाबाई, हे मी ऐकलं तर तुमची नऊ सर्टिफिकिटं रद्द होतील. नागम्मांची नेमणूक जाईल. नेमणूक गेली की खोलीही जाईल."

"मग ऐकू नका. पण काहीतरी करा. तिच्या अंगात चाळीस वर्षांचा गाळ आहे."

त्यांनी अर्ज केला. गुरुसेवेसाठी शिष्यांना निदान एक वर्ष सोलापुरातच ठेवावं, असा. उत्तर यायला पावसाळा उलटून गेला. त्यात लिहिलं होतं की सांजउताराची नियमांत तरतूद नाही आणि विद्या दिल्याने वाढत असल्याने अशा सेवेचं प्रयोजन दिसत नाही. गुरुजींनी ते मला वाचून दाखवायला घेतलं. मी म्हटलं, द्या, मला येतं वाचायला. मी दोनदा वाचलं. सगळी अक्षरं नीट लागली.

तोवर आम्ही आपापल्या गावी हजर झालो होतो. ठरवलं की रविवारी सगळ्यांनी सोलापुरात जमायचं. पावसाळाभर आणि थंडीत जमलो. शरणप्पा रोज संध्याकाळी शेडवरून सायकलनं यायचा आणि एकट्यानं जमेल तेवढं उतरवायचा. आठवड्याचं उरलेलं आम्ही रविवारी काढायचो. नागम्मा आम्हाला बघून भांडी काढून ठेवायची. "आली बघा माझी सरकारी माणसं," म्हणायची. थंडीत गाळही निजलेला असतो. निभावलं.

संक्रांत झाली, महाशिवरात्र झाली, आणि ऊन तापायला लागलं.

उन्हाळ्यात तिला आमची गरज जास्त, आणि त्याच दिवसांत आमच्या गावच्या लोकांनाही. करमाळ्यात बाजारवाराला माझ्या खोलीपुढं रांग लागायची. हमाल, भाजीवाल्या, कमलाभवानीच्या देवळाला चालत आलेली माणसं. पोरांना मी पुरती गार करायची. मोठ्यांना निम्मं उतरवून ओल्या गोणपाटावर सावलीत झोपवायची. लोक म्हणायचे, बाईचा हात हलका आहे, वेळ लावते.

एका रविवारी मी सोलापूरला गेले होते. सोमवारी परतले तर माझ्या दाराशी एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसलेली. आदल्या दुपारपासून बसली होती. पोराचे डोळे वर गेले होते. पोर वाचलं. ती बाई त्याला पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली. नंतर तिच्या सासूनं विचारलं, "तुमी रईवारी कुटं जाता वो बाई?"

"माझ्या मास्तरीण आजारी आहेत."

"आन हितं कोण असतंय?"

पुढच्या रविवारी मी नागम्माला हे सांगितलं. तेव्हा आम्ही पाचच जण आलो होतो. ती चटईवर पडली होती. तिच्या अंगाजवळ हात नेला तर भट्टीजवळ नेल्यासारखं लागायचं.

"आज करमाळ्यात कोण हाय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग हितं कशाला आलीस?"

"मग सांजउतार कुणी करायचा?"

"मी नऊ जण का घेटले? माझ्या पाठीला वारा घालायला? एकच घेटला असता तर तो बसला असता उशाशी. लोकांसाठी घेटले." ती थांबली. पाणी मागितलं. मग म्हणाली, "येऊ नको असं मी म्हणत न्हाय. मला का जीव नको हाय? पर तू त्या बाईच्या दारातनं उठून येऊ नको."

ती दोन्ही म्हणत होती. मी परत गेले आणि पुढचा रविवार चुकवला. मग एक गेले, मग दोन चुकवले. कुंडलिकचंही तसंच झालं, इतरांचंही. कुणी कुणाला विचारलं नाही की तू का आला नाहीस. विचारायला लागतच नव्हतं.

मे महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी सोलापूरच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "शेडवरच्या शरणप्पानं सांगितलंय, अक्काला म्हणावं ये. एवढंच." मी पहाटेची पहिली गाडी धरली. दाराशी पोर घेऊन बसलेल्या त्या बाईच्या सासूला सांगून गेले. ती म्हणाली, "जावा. आज आमी पोरास्नी घरातच ठिवतो."

खोलीत शरणप्पा होता आणि माढ्याहून कुंडलिक आला होता. बाकीच्यांना निरोप पोचला नव्हता किंवा पोचून निघता आलं नव्हतं. आम्ही तिघं. शरणप्पानं खिशातून दोरा काढला. आम्ही अंगठ्याला अंगठा जोडून बांधला आणि तिघांचे तळवे तिच्या अंगावर ठेवले, एकेक हात बादलीत. बऱ्याच वेळानं पाणी कोमट झालं. पूर्वी ते वाफाळायचं.

खोलीच्या भिंतीवर खडूनं अक्षरं काढलेली होती, वाकडीतिकडी, वेगवेगळ्या हातांची. मी बघत होते तर नागम्मा म्हणाली, "चाळीतल्या बाया येत्यात. नळाला पानी यायच्या आधी. सात-आठ जणींना दिली."

"मास्तरणी, तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"त्रास कसला. दिली तरी हायत की माझ्यापाशी. रोज म्हणून बघती. समदी हायत." मग शरणप्पाकडं बघून, "तुझ्या अक्काची जिलबी पण हाय."

शरणप्पानं मान खाली घातली.

दहाच्या सुमाराला शेडवरून माणूस सायकल मारत आला. पत्र्याखाली तिघं पडले होते, एकाच्या तोंडाला फेस होता. शरणप्पा जागचा हलला नाही. माणूस दारात उभा राहून पुन्हा तेच सांगत होता. कुंडलिक माझ्याकडं बघत होता.

"साकु," नागम्मा म्हणाली. पुरे. "सोड दोरा. जा."

"अव्वा, मी गेलो तर—"

"तीन हायत तितं. तुला एकट्याला जमायचं न्हाय. कुंडलिकला पण ने."

शरणप्पाला गाठ सुटेना. दोरा भिजून आवळला होता. शेवटी मी तो दातानं तोडला. ते दोघं एकाच सायकलवर गेले. शेडवरचे तिघंही वाचले, हे मला संध्याकाळी कळलं.

मी एकटी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. माझ्या वाट्यात होतं तेवढं उतरत होतं, लहान पोराचं उतरेल तेवढं. ती मधेच कानडीत काही बोलली, ते मला कळलं नाही. मी बादलीतलं पाणी दोनदा बदललं. बाराला चाळीत पाण्याची भांडी वाजायला लागली. शेजारची एक बाई पाटी घेऊन दारात आली आणि आत न येता परत गेली.

नागम्मा संगप्पा, ऊनउताराच्या वर्गाच्या मास्तरीण, अकरा मे एकोणीसशे शहात्तर रोजी, मंगळवारी, दुपारी एकच्या आत, सोलापुरात शाळेच्या खोलीत वारल्या.